कवडूजींची दुपारची झोप

कवडूजी दुसऱ्यांच्या लाकडावर झोपत. भर दुपारी, उजेडात, चार लोकांसमोर. गोंदियात कोणी पलंग करायला टाकला, टेबल घेतलं, दाराच्या फळ्या आणल्या, की आधी कवडूजींना बोलावणं जाई. ते येत, जोडे काढत, लाकूड आडवं ठेवायला सांगत आणि त्यावर कुशीवर पडून, एक कान फळीला लावून खुशाल डोळे मिटत. घरची माणसं आवाज न करता भोवती बसून राहत. टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला साठीचा माणूस आणि त्याच्या उठण्याची वाट पाहत बसलेलं सगळं घर, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या घरात कोणीतरी गेलेलं आहे.

उठल्यावर ते दोनच निकाल देत. एक, "निजला हाये, घ्या." नाहीतर, "हा उभा हाये अजून."

उभा म्हणजे काय, असं कोणी विचारलंच तर सांगत, "याले मालूमच नाही का आपल्याले तोडलं म्हणून. थो रानातच उभा हाये. कायले नेता घरी?" एवढं बोलून जोडे घालत आणि निघत. चहा घेत नसत, पैसा घेत नसत. पैसा घेतला असता तर मला बरं वाटलं असतं. लबाड माणसाशी कसं वागायचं ते मला कळतं.

मी मूळची वर्ध्याकडची. आमचे हे रेल्वेत मालबाबू. बदली होऊन आम्ही गोंदियाला आलो आणि भाड्याचं घर मिळालं ते नेमकं कवडूजींच्या भिंतीला भिंत लागून. ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. भुताखेताच्या गप्पांचा मला मनस्वी राग, आणि यांचा मात्र पहिल्या दिवसापासून कवडूजींवर विश्वास. दिवसभर वॅगनीतली पोती मोजून माणसाला कशावर तरी विश्वास ठेवावासा वाटत असेल, असं म्हणून मी सोडून देत असे.

माणूस दिसायला अगदी साधा होता. अंगाने वाळलेला, डोक्याला मळकं पागोटं, मिशी एका बाजूला तंबाखूने पिवळी झालेली. धानाच्या बाजारात मापाऱ्याचं काम करत. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं सुईणीला कवडी देऊन त्यांना विकत घेतलं होतं, त्यावरून नाव कवडू. घरात ते आणि त्यांची बायको भागाबाई, दोघंच. भागाबाई फार बोलत नसे. एकदा मी तिला म्हटलं, "तुमच्या घरात खाट आहे ना? मग हे लोकांच्या घरी कशाला झोपतात?" ती सुपातलं धान पाखडत होती. न थांबता म्हणाली, "घरी नाही लागत त्याइचा डोळा. लय वरसं झाले."

झोपण्याआधी त्यांचा एक विधी असे. पागोट्याच्या पदराला एक काळा दगड बांधलेला असे, सुपारीपेक्षा थोडा मोठा. तो सोडून ते लाकडावरून फिरवत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग फळी उलटून खालच्या बाजूने, पुन्हा कडेने. लोक म्हणत, हा मंतरलेला दगड आहे, लाकडातलं भूत ओढून घेतो. तो साधा लोहचुंबक होता, जत्रेत मिळतो तसला. मी हे चार बायकांत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग भूत लोखंडाचं असेल.

एकदा मात्र तो दगड चिकटलेला मी डोळ्यांनी पाहिला. राइस मिलच्या मुनीमजींकडे नवी पेटी आली होती. दगड फिरता फिरता एका जागी टचकन लाकडाला बसला. कवडूजींचा हात थांबला. चेहऱ्यावरचं रक्त उतरत जाताना इतकं स्वच्छ मी कोणाचं पाहिलेलं नाही. वाढयानं, म्हणजे सुतारानं, तिथे खरवडलं, तर आत मोडलेला खिळा निघाला. सगळे हसले. कवडूजी हसले नाहीत. पेटीवर न झोपताच ते घरी गेले, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. भिंतीला भिंत होती, म्हणून मला कळलं.

आता, त्यांचे निकाल खरे ठरत का? मी नाही म्हणेन. पण त्याच मुनीमजींच्या झोपाळ्याला ते उभा म्हणाले होते आणि तो झोपाळा वारं नसताना हलत असे. वैशाखातल्या दुपारी, पिंपळाचं पान हलत नसताना, आपला सावकाश मागेपुढे. मुनीमजींच्या बायकोने शेवटी त्याच्या कड्या दोरीने खिडकीच्या गजाला बांधून टाकल्या. बांधलेला झोपाळा पाहायला मी मुद्दाम गेले होते. दोरी ताणलेली होती.

आणि आमची अलमारी. ती मी हट्टानं घेतली. कवडूजी तिच्या पाठच्या फळीवर झोपून उठले आणि म्हणाले, "उभी हाये, बाई. राहू द्या." मी म्हटलं, बसवते मी तिला. पहिल्या फाल्गुनात आतून खसखस आवाज येऊ लागला. उंदीर असणार. मी सापळा लावला, दार बंद करून कुलूप घातलं. सकाळी सापळा मिटलेला होता आणि त्यात एक वाळकं पान होतं. पान कुठलंही कुठेही येतं, असं मी यांना सांगितलं. यांनी ते पान देवाजवळ नेऊन ठेवलं, त्यावरून आमचं भांडण झालं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण मग आम्ही घर बांधायला काढलं.

भाड्याच्या घरांना मी विटले होते. बदली झाली की नवं घर, नवा मालक आणि तीच ओली जमीन. शेणानं सारवायची, पुन्हा उखणायची, कोपऱ्यात लागलेली उधई, म्हणजे वाळवी, खरवडायची. माझी थोरली मुलगी पावसाळाभर खोकत असे. डॉक्टर म्हणाले, हिला ओलीत झोपवू नका. तेव्हा मी ठरवलं, आपलं घर होईल त्याला माडी असेल आणि माडीला लाकडाची जमीन. कोरडी, गुळगुळीत, फडक्याने पुसता येणारी. गावाबाहेर फुलचूरला जागा घेतली, भिंती उठल्या, वर कवेलूंचं छप्परही चढलं. जिना सागवानाचा झाला. माडीच्या तुळया बसल्या आणि काम थांबलं, कारण तुळयांवर ठोकायच्या फळ्या कवडूजी पसंत करीनात.

पलंगाला, दाराला ते दहातले आठ होकार देत. पण फळी जमिनीची आहे म्हटलं की त्यांचा आवाज बदलत असे. "जमिनीले नोको." का ते विचारलं की जोडे घालू लागत. लाकडाच्या टालेवर, म्हणजे जिथे रानातले ओंडके येऊन पडतात आणि आरेकरी त्यांच्या फळ्या चिरतात तिथे, ते माझ्यासाठी रोज दुपारी येऊन झोपू लागले. सागाच्या फळ्या झाल्या, येनाच्या झाल्या, हळदूच्या झाल्या. रोज उठून तेच. उभा हाये. उभा हाये. जमिनीले नोको.

फाटकाशी एक काळा ओंडका अर्धा मातीत रुतून पडला होता. टाल आताच्या मालकानं, सेठनं, विकत घेतली त्याच्या आधीपासूनचा. त्यावर आरेकरी बसून तंबाखू मळत, गिऱ्हाइकं बसून भाव करत आणि कवडूजी बसून जोडे काढत. मीही त्यावर कितीदा तरी चडफडत बसले.

"तुम्ही कवडूजींचं ऐकताच कशाला?" मी सेठला म्हटलं.

सेठ कच्छी, बोलणं हिंदी. कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, इस आदमी ने मेरा आधा माल खड़ा कर दिया. पर जिसको वो खड़ा बोल दे, उसको गोंदिया में लेगा कौन?"

मी आमच्या डोमा वाढयाला दम दिला. सागाच्या फळ्या आणते, उद्यापासून ठोकायला घे. डोमानं करवत खाली ठेवली. "कवडूजीनं उभा म्हणला ना बाई? मंग मी नाही मारत खिळा. उभ्या झाडाले खिळा मारू का मी?" आणि आमचे हे त्याच्या बाजूने. माझ्याच घरात मी एकटी शहाणी उरले होते.

मृग जवळ येत होता. पाऊस लागला की लाकूड ओल धरतं, मग ठोकलेली फळी पुढे वाकते. म्हणजे आणखी एक पावसाळा भाड्याच्या ओलीत, आणि मुलीचा खोकला. मी एका दुपारी टालेवर जाऊन सेठला स्पष्ट सांगितलं, आज मला जमिनीचं लाकूड हवं, कुठलंही. सेठनं सगळ्या टालेवरून नजर फिरवली. सगळं उभं. मग त्याची नजर फाटकाशी थांबली. "ये एक बचा है," तो म्हणाला. "इसको उसने कभी देखा ही नहीं. काटो इसको."

ओंडका उकरून काढला. माती झाडल्यावर आरेकऱ्यांनी ओळखलं, बीजा आहे, म्हणजे बिबळ्याचं झाड. इतकी वर्षं मातीत असूनही आत कुठे कीड नाही की उधई नाही. मला आनंद झाला. आरा चालू झाला. एक माणूस वर, एक खाली खड्ड्यात, आणि आरा तापू नये म्हणून मधून मधून पाणी. दोन फळ्या सरळ निघाल्या. तिसरीला आरा किंचाळला.

आऱ्याचा दात मोडून खड्ड्यात पडला. खालचा माणूस आरा सोडून वर आला. त्यानं खाली बोट दाखवलं, तिकडे मी पाहिलं. खड्ड्यात साचलेलं पाणी उन्हात निळं दिसत होतं, तेलकट, हलणारं निळं. बीजाचं लाकूड भिजलं की पाण्याला ती झाक येते, हे मला पुढे डोमानं सांगितलं. त्या घटकेला सांगणारं कोणी नव्हतं. आरेकरी दूर जाऊन उभे राहिले. कोणीतरी बाजारात पळालं आणि कवडूजींना घेऊन आलं.

ते आले आणि सवयीने जोडे काढायला फाटकाशी वळले. तिथे ओंडक्याच्या जागी खड्डा होता. मग त्यांनी चिरलेला ओंडका पाहिला.

त्या दिवशी त्यांनी दगड सोडला नाही, कान लावला नाही. जवळ बसून आरा अडला होता ती जागा बोटानं चाचपली. लाकडात भोवतालचा भाग शाईसारखा काळा झाला होता. "काढा," ते म्हणाले. डोमाला बोलावलं, त्यानं पटाशीने लाकूड उकलत नेलं आणि आतून एक गंजलेला लोखंडी आकडा निघाला. झाड त्याच्याभोवती वाढून त्याला पार गिळून बसलं होतं.

"माह्या हातचा हाये," कवडूजी म्हणाले. "झोळीचा."

 ते माझ्याकडेच पाहत होते, म्हणून मी विचारलं, कोणाची झोळी?

सालेकशाकडे, कचारगडच्या वाटेवर त्यांची धानाची बांधी होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बीजाचं झाड. रोवणीच्या दिवसांत बाया तान्ह्या लेकराला झोळीत घालून धुऱ्यावरच्या झाडाला टांगतात आणि चिखलात उतरतात, हे मी इकडे आल्यापासून दर पावसाळ्यात पाहत आले होते.

"तानी म्हणो आमी तिले," कवडूजी म्हणाले. "वरीस व्हाले आलं तरी बारसं व्हाचंच होतं. बीजाले धरून उभी राहे. पाय टाकाले भेवे. त्या दिवशी सकाळी आंग जरासं गरम होतं. झोळीत घातलं, निजली. दुपारी रडली नाही, का भूक लागली नाही. आमी म्हणलं, चांगली निजली हाये, उठवू नोको, रोवणा आटपून घेऊ." ते आकडा हातात फिरवत राहिले. "संध्याकाळी भागानं हात लावला."

लहान लेकराला जाळत नाहीत. त्याच झाडाच्या बुडाशी तिला ठेवलं. नंतर भागाबाई त्या बांधीत पाय ठेवीना, म्हणून त्यांनी ती जमीन दुसऱ्याला दिली आणि मजुरीला लागले. बऱ्याच वर्षांनी एकदा कवडूजी झाड पाहायला म्हणून गेले, तर तिथे नुसतं खोड. नव्या मालकानं बीजा तोडून विकला होता. कुठे गेला, तर गोंदियाला, एवढंच त्याला माहीत. मग बायकोला घेऊन कवडूजी गोंदियाला आले, आपल्या झाडाच्या मागं.

"एवढ्या लोकांच्या घरी जाऊन झोपलात, ते यासाठी?" मी म्हटलं.

"मंग काय म्हणून जाऊ, माय? माह्यं झाड तुमच्या पलंगात हाये का पाहू द्या म्हणलं, तं कोण पाहू देते? निजतो म्हणलं तं देतात." आणि लगेच, मी विचारायच्या आधीच, "पलंग मंग कधीबी उलटून पाहता येते. दार दोन्हीकडून दिसते. जमिनीची फळी एकडाव ठोकली का खालची बाजू गेली. म्हणून जमिनीले नोको म्हणो."

"आणि ते उभा, निजला?"

"मले काय समजते लाकडातलं? मी मापारी माणूस."  मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची अलमारी मात्र खरंच उभी हाये."

दुसऱ्या कोणत्या वेळी मी यावर हसले असते किंवा भांडले असते. तेव्हा मी पदराने ओंडक्यावरची माती पुसत राहिले. कवडूजींनी हात ओंडक्यावर ठेवला. "जोडे काढून राहिलो होतो मी हिच्यावर," ते म्हणाले, "एवढे वरसं." आणि ते ओंडक्यावर कुशीवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेऊन. लगेच झोप लागली. घोरलेही. सेठ, आरेकरी, डोमा, मी, सगळे बसून राहिलो. ऊन कलेपर्यंत कोणी त्यांना उठवलं नाही.

जागे झाल्यावर मी त्यांना सांगितलं, "हा ओंडका तुम्ही न्या. मी दुसरं लाकूड घेते. यावर कोणाचा पाय पडायला नको."

त्यांनी मान हलवली. "नाही माय. पाय पडू दे. चालाचं तेवढं राहून गेलं तिचं. तुह्ये पोट्टे दिवसभर पळून राहतात. त्याइच्या संगं चालन थे."

मृगाच्या आत माडीची जमीन झाली. बीजाच्या फळ्या मधल्या पट्ट्याला पुरल्या, खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना साग. सागाच्या फळ्यांबद्दल मी विचारलं, तर कवडूजी न झोपताच म्हणाले, "लाकडंच हायेत. चांगली हायेत." डोमाला हे इतकं खटकलं की त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, म्हाताऱ्याची तब्येत बरी आहे ना. पुढे लोक पलंग, टेबल घेऊन दारी येत राहिले, आणि ते सगळ्यांना तेच सांगत. महिन्याभरात गावानं ठरवलं, कवडूजींच्या अंगातलं गेलं. सेठचा उभा माल भराभर खपला. मुनीमजींच्या बायकोने झोपाळ्याची दोरी मात्र सोडली नाही.

आम्ही फुलचूरला राहायला गेलो. मुलं माडीवर झोपू लागली, पोरीचा खोकला थांबला. आणि दुपारी वरून आवाज येऊ लागला.

नवी जमीन उन्हानं तापली की लाकूड आकसतं आणि वाजतं. हे मला माहीत आहे, मी ते सगळ्यांना सांगत असे. पण सागाच्या फळ्या वाजत नसत. मुलं शाळेत, माडी रिकामी, मी खाली तांदूळ निवडत बसलेली, आणि वर खिडकीकडून एक हलकी टक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी, थोडी पुढे. भिंतीपर्यंत जाऊन थांबे आणि परत खिडकीकडे. मी वर जाऊन पाहत असे. ऊन फळ्यांवर पसरलेलं आणि खोलीत कोणी नाही. मी यांना सांगितलं नाही. यांनी वर देवघर हलवलं असतं.

कवडूजींना मात्र सांगावं लागलं नाही. बाजार उठला की ते फुलचूरपर्यंत चालत येत आणि आमच्या खालच्या खोलीत, बरोबर त्या पट्ट्याखाली, गोणपाट टाकून बसत. माडीवर चला म्हटलं तर नको म्हणत. वर पाहत नुसते बसून राहत. टक वाजली की त्यांच्या मिशा हलत.

"चालून राहिली," ते म्हणत.

पहिल्या पहिल्यांदा मी सांगायचा प्रयत्न केला, कवडूजी, लाकूड तापतं. ते "होय होय" म्हणत आणि मला गप्प बसायची खूण करत. मग मी सांगणं सोडलं. मुलांना मी ताकीद दिली, दुपारी माडीवर जायचं नाही. सुटीच्या दिवशीही नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना माहीत होतं. एके दिवशी धाकट्यानं भोवरा हरवला तेव्हा तो म्हणाला, "तिनं नेला असेल," आणि तो, थोरली आणि मी, आम्ही तिघांनीही तो विषय तिथेच सोडला.

भागाबाई एकदाच आली. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली, वर पाय टाकला नाही. आवाज झाला तेव्हा तिनं डोळे मिटले. मग कवडूजींना म्हणाली, "सावकाश चालजो म्हणा तिले. पडन." आणि निघून गेली. कवडूजी आता घरी रात्रभर झोपतात, हे तिनंच जाता जाता मला सांगितलं.

असे दोन उन्हाळे गेले. आवाज पुढे पुढे भराभर येऊ लागला होता. एकदा कवडूजी गोणपाटावरून अर्धे उठले आणि लाजल्यासारखे हसून म्हणाले, "आज पळाली."

त्यानंतरच्या हिवाळ्यात, धानाच्या सुगीत, बाजाराला उसंत नव्हती म्हणून ते काही दिवस आले नाहीत. वर मात्र नेहमीसारखं चालू होतं. एका दुपारी मी खालीच बसले होते. टक वाजली, खिडकीपासून भिंतीपर्यंत गेली आणि परत फिरली नाही. थोड्या वेळानं जिन्याची वरची पायरी वाजली. जिना सागवानाचा, बांधल्यापासून त्यानं कधी आवाज केला नव्हता. मग त्याखालची पायरी. प्रत्येक पायरीवर टेकायचं, मग खाली सरकायचं, लहान मुलं पहिल्यांदा जिना उतरतात तसं. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. शेवटची पायरी वाजली. पुढचं दार उघडंच होतं. बाहेर ऊन होतं आणि रस्त्यावर कोणी नव्हतं.

दिवेलागणीला हे घरी आले ते टोपी हातात घेऊन. कवडूजी गेले होते. बाजारात, धानाच्या पोत्यांना टेकून. दुपारीच कधीतरी. ते कुठेही झोपतात हे साऱ्या बाजाराला माहीत, म्हणून कोणी उठवलं नाही. निजले आहेत, निजू द्या, असं म्हणत लोकांनी त्यांच्या भोवती संध्याकाळपर्यंत मापं घातली. उठायची वेळ झाली तेव्हा एका हमालानं हात लावला.

त्या दिवसापासून माडी गप्प झाली. लाकूड आता वाळलं असेल, असं हे म्हणाले. तसंच असेल. मला मात्र दुपारी करमेनासं झालं. अलमारी फाल्गुनात खसखसली, तर मला तिचीही सोबत वाटली.

महिनाभराने भागाबाई आली. कवडूजींच्या जागी गोणपाटावर बसली आणि वर पाहत राहिली. मीही बसले. ऊन माडीच्या खिडकीतून कललं, तरी काहीच वाजलं नाही.

"बापासंगं गेली," भागाबाई म्हणाली. "मले ठेवून गेले दोघंबी."

 मी उठले, तिचा हात धरला आणि तिला जिन्यापाशी नेलं. या वेळी ती चढली. मी तिच्या मागे गेले नाही. परत येऊन गोणपाटावर बसले. बराच वेळ वर काही नव्हतं. मग खिडकीकडून एक टक झाली. भागाबाई अनवाणी होती, आणि अंगाने हलकी. थांबून, मग पुढची. भिंतीपर्यंत गेली, आणि परत फिरली.

"चालून राहिली," मी म्हटलं. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.